चंद्रावतीचं चंद्रावतीशी नातं

चंद्रावतीच्या उजव्या डोळ्याच्या कडेवरून काढलेला तुकडा दोन मिलिमीटर लांब आणि एक मिलिमीटर रुंद होता. तांदळाच्या कणीहूनही लहान. डॉ. हेमांगीने तो गुलाबी द्रावणाच्या बशीत सोडला तेव्हा तो आधी तळाला गेला, मग कडेकडे सरकला आणि एका बाजूला किंचित दुमडून स्थिर झाला. हेमांगीने वेळ लिहिली, अकरा वाजून वीस मिनिटे. मग तिने शासनाचा अर्ज भरायला घेतला. त्यातला पहिलाच रकाना 'वस्तूचा प्रवर्ग' असा होता. तो तिने रिकामा सोडला. प्रवर्ग ठरवण्यासाठी एक समिती नेमलेली होती, आणि समितीचे काम परस्पर उरकणे नियमात बसत नव्हते.

चंद्रावती गागोदे बुद्रुकची. पेणला हर्षदच्या गणपतीच्या कारखान्यात ती बारा वर्षे आखणीला होती, म्हणजे तयार मूर्तीचे डोळे रेखायला. दोन वर्षांपूर्वी घराला सफेदी करायला चुना विझवताना त्याचा शिंतोडा तिच्या डाव्या डोळ्यात उडाला. डोळा वाचला, पण बुबुळावर पांढरट साय धरली. उजव्याने तिला सगळे दिसत होते. मात्र कुंचला मूर्तीला टेकला आहे की अजून हवेतच आहे, हे एका डोळ्याला कळत नाही. चार मूर्ती तिरळ्या निघाल्यावर हर्षदने तिला सोंडेवर पॉलिश पेपर घासायला बसवले आणि सांगितले, "पुढच्या हंगामापर्यंत बघतो, वहिनी. डोळा परत आला तर आखणी तुमची. नायतर मला दुसरी बाई बघाय लागंल."

डोळा परत येण्यासारखा होता. बुबुळाच्या कडेला ज्या मूळपेशी असतात, त्या डाव्या डोळ्यात चुन्याने जळल्या होत्या. चांगल्या डोळ्यावरून कणभर घ्यायच्या, दोन आठवडे बशीत वाढवायच्या आणि वाढलेला पातळ थर दुसऱ्या डोळ्यावर बसवायचा, इतकाच उपचार. हेमांगीने दक्षिणेतल्या एका रुग्णालयात सहा वर्षे हेच काम केले होते. 'मूळपेशी संजीवनी अभियाना'तून रोह्याला केंद्र निघाल्याचे वाचून ती मोठ्या उत्साहाने माहेरच्या मुलखात परत आली. केंद्राला इमारत होती, उद्घाटनाची कोनशिला होती, अध्यक्षांसाठी वातानुकूलित खोली होती. पेशी वाढवायच्या द्रावणासाठी तरतूद नव्हती, कारण ते नाशवंत होते आणि नाशवंत वस्तू साठा नोंदवहीत टिकत नाही. ते हेमांगी आपल्या पगारातून आणत होती.

समितीचे अध्यक्ष माधवराव पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले होते. त्यांनी आयुष्यात सतरा समित्या चालवल्या होत्या आणि एकीचाही निर्णय आजवर कोणी चुकीचा ठरवू शकले नव्हते, कारण निर्णय असा त्यांनी घेतलेलाच नव्हता. पहिल्या बैठकीत त्यांनी बशीकडे बराच वेळ पाहिले.

"हेमांगीबाई, ही वस्तू औषध आहे का?"

"उपचार आहे, सर."

"उपचार हा प्रवर्ग नाही. औषध म्हणायचं तर वेष्टन पाहिजे, बॅच नंबर पाहिजे, छापील किंमत पाहिजे."

"त्या तिच्याच पेशी आहेत. तिला विकायच्या नाहीत."

"मग तो फुकट नमुना झाला. फुकट नमुने सरकारी केंद्रातून वाटता येत नाहीत."

"सर, थर तयार झाला की तीन-चार दिवसांत बसवावा लागतो. पेशी थांबत नाहीत."

"शासन कुणाला थांबा म्हणत नाही," माधवराव समजुतीने म्हणाले. "शासन फक्त स्वतः थांबतं."

चौदाव्या दिवशी थर तयार झाला. सोळाव्या दिवशी तो उत्तम होता. एकविसाव्या दिवशी पेशी सुरकुतल्या आणि बशीपासून सुटून तरंगू लागल्या. पंचविसाव्या दिवशी समितीचे पत्र आले की सदर वस्तूचे वर्गीकरण औषध म्हणून करता येत नाही. हेमांगीने पोच दिली.

डोळ्यांच्या सर्जननी, पेणला ज्यांच्याकडे शस्त्रक्रिया व्हायची होती त्यांनी, चंद्रावतीचा उजवा डोळा तपासला आणि हेमांगीला बाजूला घेऊन सांगितले, "अजून एकदा घेता येईल. तिसऱ्यांदा मी हात लावणार नाही. चांगला डोळा जाईल."

हेमांगीने समितीला विनंती केली की आधी निर्णय द्यावा, तुकडा नंतर काढू. ती फेटाळण्यात आली. जी वस्तू अस्तित्वात नाही तिचे वर्गीकरण करता येत नाही, असे समितीचे म्हणणे होते. ते तर्काला धरून होते, आणि हेमांगीला तर्काचा आदर होता.

औषध नाही म्हणजे अवयव. अवयवाला दाता लागतो आणि ग्राही लागतो, दोघांची प्रतिज्ञापत्रे लागतात, दोघांमधले नाते सिद्ध करावे लागते, आणि ग्राहीने दात्यावर दबाव आणला नसल्याची खात्री करावी लागते. यासाठी स्वतंत्र संकेतस्थळ होते. हेमांगी चंद्रावतीला घेऊन पेणच्या सेवा केंद्रात गेली. तिथे समीक्षा नावाची मुलगी अर्ज भरून द्यायची. संगणकाचे तिला कौतुक नव्हते आणि भीतीही नव्हती.

"दात्याचं नाव?" समीक्षाने विचारले.

"चंद्रावती."

"घेणाऱ्याचं?"

"चंद्रावती."

समीक्षाने मान वर केली नाही. "नातं?"

"मीच गो ती," चंद्रावती म्हणाली.

"'मीच' नाय यात. आई हाय, वडील हाय, भाऊ, बहीण, नवरा, सासू..."

"सासू नको टाकू. ती गेली तवा कुठं माझं डोकं शांत झालं."

"मग बहीण टाकते. जन्मतारीख एकच हाय ना? जुळी बहीण. हां, घेतलं बघा, हिरवं झालं."

"अहो, पण हे खोटं आहे," हेमांगी म्हणाली.

"मॅडम," समीक्षा पहिल्यांदाच तिच्याकडे वळली, "खरं लिवायला जागाच नाय. तुमीच बघा ना."

हेमांगीने पाहिले. जागा नव्हती.

त्या दिवसापासून गागोद्यात दोन चंद्रावती झाल्या. दात्या चंद्रावतीचा रहिवासी दाखला लागला, तो मिळाला. दोघींचा एका चौकटीतला फोटो लागला, तो पेणच्या फोटोवाल्याने दोन वेगवेगळ्या साड्यांत जोडून दिला. त्यातली डावीकडची जरा जास्त हसरी आली होती. दोन जुळ्या बहिणींना आईबापांनी एकच नाव का ठेवले, याचा खुलासा मागवण्यात आला. चंद्रावतीने तोंडी खुलासा दिला की बापाला नावे आठवत नसत. तो ग्राह्य धरण्यात आला. शेजारच्या गोदूबाईंनी एक दिवस बांधावरून हाक मारली, "काय गो, तुझी भन आली म्हणं. लपवून ठेवलीस ती? जेवाय घेऊन ये तिला, वालाचं बिरडं केलंय."

"ती उपाशी ऱ्हाते," चंद्रावती म्हणाली. "सरकारी हाय ती."

रोह्याच्या गाडीत ती हेमांगीला म्हणाली, "बाई, एक इचारू? या दुसरीला दोनी डोळ्यांनी दिसतं काय?"

"कागदोपत्री तिची दृष्टी उत्तम आहे. त्याशिवाय दाता होता येत नाही."

"मग मला ती व्हता यायची नाय का?"

 

या सगळ्यात आठ महिने गेले. तेवढ्या काळात पेणला बाजारपेठेत 'नवांकुर स्टेम सेल लाउंज' सुरू होऊन त्याची दुसरी शाखाही खांब गावच्या नाक्यावर निघाली. मालक सुश्रुत हा हेमांगीचा कॉलेजातला वर्गमित्र. तिथे गुडघेदुखी, टक्कल, मधुमेह, सुरकुत्या आणि विसराळूपणा यांवर मूळपेशी देत. सहा बैठकांचे पॅकेज होते, सातवी जोडीदाराला मोफत होती. हेमांगी एकदा तिथे गेली. आत चंदनाचा वास होता, मंद बासरी लावलेली होती.

"सुश्रुत, तुला परवानगी कशी मिळाली?"

"अगं, परवानगी कसली? ती पेशी वापरणाऱ्यांना लागते." त्याने तिच्यापुढे आल्याचा चहा ठेवला. "आम्ही पेशी वापरतच नाही."

"मग सुईतून काय देता?"

"सलाईन. पण मनापासून."

काउंटरच्या वर, देवाच्या तसबिरीशेजारी, तपासणी पथकाचा अहवाल फ्रेम करून लावलेला होता. 'सदर आस्थापनेत एकही मूळपेशी आढळून आली नाही. नियमभंग नाही.' खाली शिक्का होता. हेमांगीने तो दोनदा वाचला. त्यात शास्त्रीय चूक एकही नव्हती.

प्रतीक्षाकक्षात माधवराव बसले होते. हेमांगीला पाहून ते जरा अवघडले, मग स्वतःच म्हणाले, "गुडघे. चार बैठका झाल्या. जिना चढताना दुखतं अजून, पण दुखण्याची प्रत सुधारली आहे."

अवयवाची कागदपत्रे पुरी झाली तेव्हा समितीला आणखी एक बाब लक्षात आली. केंद्र जनतेच्या पैशाचे, आणि लाभ एका बाईला. तेव्हा यात सार्वजनिक हित आहे काय, हे जनतेलाच विचारले पाहिजे. त्यानुसार वर्तमानपत्राच्या पाचव्या पानावर सूचना प्रसिद्ध झाली. मूळपेशी केंद्राच्या वापराबाबत नागरिकांनी आपल्या हरकती व सूचना तीस दिवसांत कळवाव्यात. पत्राने, ईमेलने किंवा समक्ष. अर्जदार, तिचे नातलग आणि केंद्राचे कर्मचारी यांना यात भाग घेता येणार नाही. चंद्रावतीला तर दोनदा घेता येणार नव्हता.

हेमांगीने आयुष्यात कोणाकडे काही मागितले नव्हते. आता तिने मागितले. तिने हर्षदला सांगितले. तो म्हणाला, "नक्की, मॅडम. आजच करतो. वहिनींचा हात देवाचा हात हाय." तिने सासूबाईंना सांगितले. त्या म्हणाल्या, "अगं, त्यात काय, लिहिते की दोन ओळी." तिने शाळेच्या वर्गमैत्रिणींच्या ग्रुपवर चंद्रावतीची हकिगत टाकली. पाऊण तासात तिला बासष्ट जोडलेले हात, एकोणीस रडके चेहरे आणि 'अशी माणसं आहेत म्हणून जग चाललंय' हे सात वेळा आले. कोणीतरी तिची हकिगत पुढे पाठवली. चार दिवसांनी ती हेमांगीलाच परत आली. त्यात चंद्रावतीची जागा एका सैनिकाने घेतली होती आणि शेवटी दहा जणांना पाठवा असे लिहिले होते.

मुदत संपायच्या सुमारास समितीने बैठकीची तारीख लेखी दिली. वस्तू त्या दिवशी अस्तित्वात असावी, अशी अट होती. हेमांगीने दिवस उलटे मोजले. सर्जननी उजव्या डोळ्यावरून दुसरा आणि शेवटचा तुकडा काढला.

या वेळी पेशी सुरेख वाढल्या. पाचव्या दिवशी साठ्याचे सरकारी तपासनीस आले आणि त्यांनी पेशींचा आकडा विचारला. हेमांगीने सांगितले, अंदाजे चाळीस हजार. दहाव्या दिवशी ते पुन्हा आले. आता अंदाजे तीन लाख होत्या.

"मधल्या काळात खरेदी झाली?"

"नाही."

"देणगी?"

"नाही. पेशी आपोआप वाढतात."

"सरकारी केंद्रात?"  तपासनिसांनी शेरा लिहिला की मंजूर साठ्यापेक्षा दोन लाख साठ हजार नग जादा आढळले, ते कोठून आले याचा समाधानकारक खुलासा नाही, तोवर बशी मोहोरबंद करावी. हेमांगीने बशीला बाहेरून लाख लावू दिली आणि झाकणाला हवेपुरती फट राहील एवढे पाहिले. आयुष्यात पहिल्यांदाच तिने तपासनिसाची नजर चुकवून काही केले होते. 

बैठक चौदाव्या दिवशी ठरली होती ती कोरमअभावी सतराव्या दिवशी भरली. सकाळी हेमांगीने सूक्ष्मदर्शकातून थर पाहिला. कडेच्या पेशी ताणल्या होत्या, पण मधला भाग घट्ट होता. आज बसवला तर बसला असता. सर्जननी दुपारी तीनची वेळ राखून ठेवली होती. रोह्याहून पेणला न्यायचे तर दीड वाजता निघणे भाग होते.

समितीपुढे दोन खुर्च्या ठेवल्या होत्या. एकीवर 'दाता' अशी पाटी, दुसरीवर 'ग्राही'. चंद्रावती नवी साडी नेसून आली होती. कोणत्या खुर्चीवर बसावे हे न कळून ती मध्येच उभी राहिली.

"आधी दाता," माधवराव म्हणाले. चंद्रावती पहिल्या खुर्चीवर बसली. "तुमच्यावर ग्राहीचा काही दबाव?"

"नाय, सायेब. गरीब हाय ती."

"तिने काही आमिष दाखवलं?"

"तिच्याकडं हाय काय दाखवाया?"

"तुकडा देताना त्रास झाला?"

"झाला. पर घरातलंच माणूस हाय ना."

तिला दुसऱ्या खुर्चीवर बसवण्यात आले. ग्राही म्हणून तिने सांगितले की बहिणीचे उपकार ती विसरणार नाही. दोघींच्या जबाबांत तफावत आढळली नाही. अंगठे घेतले गेले. दोन्ही अंगठे एकसारखे का, असे एका सदस्याने विचारले, तेव्हा माधवरावांनी जुळ्यांचा संदर्भ दिला. घड्याळात बारा वाजून पन्नास मिनिटे झाली होती.

"प्रवर्गाचा प्रश्न मिटला," माधवराव म्हणाले. "अवयव. आता सार्वजनिक हित."

नागरिकांच्या सूचनांचा गठ्ठा टेबलावर आणण्यात आला. तो एका माणसाला उचलवत नव्हता.  एवढी माणसे लिहितील असे हेमांगीला वाटले नव्हते.

"एकूण एक हजार तीनशे सोळा सूचना," माधवराव चष्मा लावून वाचू लागले. "इतका उत्स्फूर्त प्रतिसाद या जिल्ह्यात मी पाहिला नव्हता. गुडघ्यांवर मूळपेशी मिळाव्यात, सातशे चार. केस पुन्हा यावेत, तीनशे एक्याण्णव. चेहऱ्याचा तजेला, एकशे ऐंशी. उरलेल्या किरकोळ, उंची वगैरे."

गठ्ठ्यातले वरचे पत्र हेमांगीला उलटे वाचता आले. अक्षर सासूबाईंचे होते. दोन ओळी होत्या, कबूल केल्याप्रमाणे. दोन्ही गुडघ्यांविषयी होत्या. त्याखालच्या अर्जावर हर्षदच्या कारखान्याचा शिक्का होता. विषयाच्या जागी त्याने 'समोरचे केस' असे लिहिले होते.

"सर," हेमांगी उभी राहिली, "थर आज बसवला नाही तर तो मरेल. पुन्हा घेता येणार नाही. तिला दोन डोळे असतील की एक, हे आत्ता, या खोलीत ठरतंय."

"बाई, त्यासाठीच तर बसलोय आपण." माधवरावांच्या आवाजात खोटेपणा नव्हता. "मलाही वाईट वाटतं. घरी मी हिच्याबद्दल सांगितलं तर मंडळींच्या डोळ्यांत पाणी आलं. पण वाईट वाटणं हे टिपणीत घेता येत नाही. कुणीतरी लिहून द्यावं लागतं."

चंद्रावती अजून 'ग्राही'च्या खुर्चीवर होती. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत ती हळूच म्हणाली, "बाई, ही उठून गेली वाटतं."

माधवरावांनी सदस्यांकडे पाहिले. सदस्यांनी माना हलवल्या. अठरा समित्यांत पहिल्यांदा ते निर्णय देण्यासाठी उभे राहिले. गुडघा धरून, टेबलाचा आधार घेत. लिहून आणलेला कागद त्यांनी डोळ्यांपासून योग्य अंतरावर धरला आणि मोठ्याने, स्पष्ट शब्दांत वाचला.

"केंद्राची यंत्रसामग्री व पुढील वर्षाचा निधी जनतेच्या मागणीनुसार, आणि एकही तक्रार नसल्याने, नवांकुर लाउंजकडे भागीदारी तत्त्वावर सोपवण्यात येत आहे. श्रीमती चंद्रावती यांच्या अर्जाबाबत समितीने नागरिकांची सर्व पत्रे काळजीपूर्वक वाचली. सूचना पाचव्या पानावर ठळक छापली होती, मुदत तीस दिवसांची होती, आणि या भागातले लोक सुशिक्षित आहेत, रोज वाचन करतात. तरीही, ज्यांना दोन्ही डोळ्यांनी स्वच्छ दिसतं अशा एकाही वाचकाने या बाईसाठी एक ओळ लिहिलेली नाही. सबब, तिला दिसण्यात सार्वजनिक हित आढळून येत नाही. अर्ज नामंजूर."